फेडलेला नवस

संस्कृतीच्या बाबांना,

नमस्कार लिहीत नाही. तुम्हाला जाऊन वर्ष होऊन गेलं, तरी तुमच्यावरचा राग गेलेला नाही.

कॅन्सरमुळे माझा स्तन काढला त्याला आठ वर्षं झाली. ती जागा अजून जळते, डावा हात खांद्यापासून ठणकतो. नसा दुखावल्यात, असं राहू शकतं, हे रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं होतं. तुम्ही मात्र पालखीसमोर नवस फेडलात, गावजेवण घातलंत आणि मला बजावलंत, "देवाला बरी झाली म्हणून सांगितलंय. आता दुखतं म्हणून त्याला खोटं पाडू नको." त्याच हाताने मी तुमच्या शेवटच्या दुखण्यात तुम्हाला कुशीवर वळवत होते. तुम्ही कण्हत होतात आणि मी गप्प होते.

काल शिमग्याची पालखी अंगणात आली. गुरवकाकांनी विचारलं, "वैनी, गाऱ्हाणं काय घालू?"

तुमची बहीण हेमा मध्येच म्हणाली, "सगळं बरं आहे, असंच ठेव म्हणा."

मी म्हटलं, "माझी छाती आणि हात अजून दुखतात, असं सांगा."

"वहिनी, दादाने नवस फेडलाय ना?"

"त्यांनी फेडला. दुखतंय मला."

गुरवकाकांनी हात जोडले. मग मोठ्याने म्हणाले, "बा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकीचं अजून दुखतंय, तिला आराम दे."

अंगणातली सगळी माणसं म्हणाली, "व्हय म्हाराजा."

तुम्ही घरात, हळू आवाजात, एकदा हो म्हणाला असतात तरी मला पुरलं असतं.

सुगंधा