राजपुत्र फार हळू चालतो

३ जून
साहेबांनी केबिनमध्ये बोलावून तो जुना जपानी गेम माझ्या हवाली केला. तीसेक वर्षांपूर्वीचा रोल-प्लेइंग गेम. एक राजपुत्र, हरवलेली बहीण, गावं, गुहा, राक्षस. तो आता आजच्या होम कन्सोलवर, म्हणजे घराघरातल्या टीव्हीवर चालला पाहिजे. याला पोर्टिंग म्हणतात. साहेबांनी विचारलं, किती वेळ लागेल. मी म्हटलं, सहा आठवडे, तेही चहा पीत पीत. गेम खेळून चुका शोधणाऱ्या आमच्या टेस्टरबाई हसल्या. कौतुकाने असावं.
संकल्प: १) उद्यापासून नऊला ऑफिसात. २) आधी मूळ गेम शेवटपर्यंत खेळणे. ३) वजन.

५ जून
साडेदहाला पोचलो. ट्रॅफिक.
मूळ गेमचं जुनं मशीन घरी आणून पहिल्या गावापर्यंत खेळलो. राजपुत्र फार हळू चालतो. गावात प्रत्येकाशी बोलायचं, तेही दोनदा, कारण दुसऱ्या वेळी माणसं वेगळं बोलतात. एवढ्यात गेमचा आवाका लक्षात आला. अनुभवी माणसाला सगळं खेळून बघावं लागत नाही. संकल्प क्रमांक दोन पूर्ण झाला असं धरतो.

९ जून
सासरे राहायला आले. निवृत्त हेडमास्तर. सासूबाई गेल्यापासून एकटेच असायचे, म्हणून ही त्यांना आग्रहाने घेऊन आली. दिवसभर खिडकीशी बसतात. विचारलं तर हो किंवा नाही, तिसरा शब्द नाही. हिने आज त्यांना त्या जुन्या मशीनपुढे बसवलं. मी म्हटलं, कंपनीची वस्तू आहे. ही म्हणाली, तू खेळतोयस कुठे.
स्त्रियांना कामाचं स्वरूप कळत नाही.

१७ जून
मूळ कोड आला. मधे मधे जपानीत शेरे. एका शेऱ्याखाली दोन रेघा मारलेल्या. आमच्या दुभाषीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, 'इथे का थांबावं लागतं ते मलाही कळत नाही, पण हात लावू नका' असं लिहिलंय. मी हात लावला. नुसतं थांबणंच होतं, काढून टाकलं. तीस वर्षांत हे कुणाला सुचलं नाही.

२० जून
बंदरावरची होडी राजपुत्राला न घेताच जाते. टेस्टरबाई म्हणाल्या, ते थांबणं होडीसाठी होतं. मी त्यांना समजावलं की आता खेळाडूला चपळ राहावं लागेल. त्यांनी बग म्हणून नोंदवलंच. सरकारी खात्यात शोभल्या असत्या.

१ जुलै
चित्र टीव्हीभर पसरवलं. जुना गेम चौकोनी होता, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या यायच्या. आता भव्य दिसतो. राजपुत्र थोडा सुटलाय, पण राजघराण्यातला आहे, खात्यापित्या घरचा दिसला तर बिघडलं काय.

४ जुलै
सुटलेपणावर तक्रारी आल्या म्हणून चित्र न ताणता बाजूचं जास्त जग दाखवायला लागलो. नवीनच भानगड. जुन्या चौकटीबाहेर सगळी पात्रं आपली पाळी येईपर्यंत उभी असतात. राजा दरबारात म्हणतो, आपल्याला शत्रू नाही, आणि मारेकरी खांबाला टेकून शेजारीच उभा. ज्या भावाला मेलेला समजून राजपुत्र रडतो, तो भाऊ चार पावलांवर. टेस्टरबाईंनी ऑफिसभर दाखवलं. साहेबही हसले, पण पुढे म्हणाले की मूळ गेम बनवणारे गृहस्थ ऑगस्टमध्ये पाहणार आहेत, त्यांनी होकार दिला तरच गेम निघेल. आणि असंही म्हणाले की हे गेलं तर कंपनीकडे दुसरं मोठं काम नाही.
मी त्यांना धीर दिला. मी असताना काळजी कसली.

१६ जुलै
सहा आठवडे संपले. साहेबांना सांगितलं, मी कामाचे आठवडे म्हटले होते.

२२ जुलै
नव्या कन्सोलवर गेम दुप्पट वेगाने धावतो. जुन्या गेमचं घड्याळ पडद्याच्या गतीला बांधलेलं, आणि नवा पडदा दुप्पट गतीचा. टेस्टरबाई म्हणाल्या, हे दुरुस्त करा. मी म्हटलं, हेच तर मला हवं होतं, राजपुत्र एकदाचा पाय उचलायला लागला. हवं होतं हे मला आजच कळलं, पण हवं होतं.

२६ जुलै
सासरे बोलायला लागलेत. जेवताना कुठल्याशा लोहाराबद्दल इतकं सांगत होते की मला वाटलं त्यांचा जुना विद्यार्थी. लोहार गेममधला निघाला. दोनदा बोलायला हवं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, गावात शिरायचं आणि माणसांची विचारपूस करायची नाही, हे कसं दिसतं. ही मान खाली घालून हसत होती. बऱ्याच महिन्यांनी.

२ ऑगस्ट, रविवार
आज नवा कन्सोल घरी जोडून सासऱ्यांना माझी आवृत्ती दाखवली. म्हटलं, बघा, कसा पळतो. ते राणीच्या अंत्ययात्रेपर्यंत आलेले, तिथूनच सुरू केलं. मूळ गेममध्ये म्हणे ती यात्रा सावकाश गावातून जाते आणि प्रत्येक दारात माणूस उभा असतो. माझ्यात सगळे शवपेटी घेऊन चोर मागे लागल्यासारखे पळाले, दारं उघडण्याआधीच वेशीबाहेर. सासरे उठले. कंट्रोलर टीपॉयवर ठेवला आणि खिडकीशी जाऊन बसले. रात्री जेवले नाहीत.
ही माझ्याशी बोलत नाही. मी तिला म्हटलं, त्यांना वेगाची सवय नाही.

१२ ऑगस्ट
मोठा दिवस. मूळ गेमकार व्हिडिओ कॉलवर. सत्तरीचे, बारीक, समोर वाफाळता कप. मी सगळं खेळून दाखवलं. ते अंत्ययात्रेपाशी चष्मा काढून डोळे चोळत राहिले. मला भरून आलं. शेवटी ते बराच वेळ बोलले. दुभाषीबाई एकदा साहेबांकडे, एकदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, असं काम त्यांनी आजवर पाहिलेलं नाही. मी उठून वाकलो. येताना केक आणला. ही म्हणाली, कशाबद्दल. सासऱ्यांनी अर्धा तुकडा घेतला.

१३ ऑगस्ट
दुभाषीबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, काल मी जरा मऊ करून सांगितलं. खरं ते म्हणाले होते की ही आवृत्ती बनवणाऱ्याला माणसं आवडत नसावीत. मी म्हटलं, भाषांतरात नेहमीच काहीतरी निसटतं. त्या म्हणाल्या, नाही, काल मीच निसटू दिलं.

१४ ऑगस्ट
साहेबांनी मला सल्लागार केलं. काम आता टेस्टरबाई बघतील. म्हणजे बढतीच. सल्लागाराला एकांत लागतो, म्हणून माझं टेबल प्रिंटरच्या खोलीत.
संकल्प: विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही.

३० सप्टेंबर
अजून कुणी विचारलं नाही. संकल्प पाळला जातोय.
टेस्टरबाईंनी काळ्या पट्ट्या परत आणल्या. जुना वेग परत, थांबणं परत. माझं सगळं पुसून त्यांनी गेम होता तसा केला. याला कर्तृत्व म्हणतात हल्ली. मूळ गेम खेळलेला माणूस हवा म्हणून तयार झालेला भाग त्या आमच्या घरी तपासायला देतात. मला नाही, सासऱ्यांना. ते टीव्हीसमोर बसून फोनवर त्यांना तासतासभर सांगतात, अमुक बाई आधी रागावून बोलायची, आता नुसतीच बोलते. अंत्ययात्रा त्यांनी परत बघितली. संपल्यावर सासूबाईंबद्दल बोलले, पहिल्यांदाच. ही शेजारी बसून ऐकत होती. मी दारातून ऐकलं. आत जावं की नाही ते ठरेना.

९ नोव्हेंबर
गेमकारांचा होकार आला. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. मलाही, जरा उशिरा.

४ डिसेंबर
गेम बाजारात. गेमकार स्वतः आले होते. मी नवा शर्ट घालून पुढे उभा राहिलो. साहेबांनी ओळख करून दिली की पहिली आवृत्ती यांची. गेमकारांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग विचारलं, तुम्ही माझा गेम पूर्ण खेळलात का. मी म्हटलं, अर्थात, तोंडपाठ आहे. त्यांनी विचारलं, दोन शेवटांपैकी कोणता आवडला.
मी म्हटलं, शेवटचा.
दुभाषीबाईंनी ते जसंच्या तसं सांगितलं. गेमकार हसले नाहीत, रागावलेही नाहीत. माझा हात थोपटला आणि टेस्टरबाईंकडे वळले. नंतर ग्रुप फोटो मी काढला. चांगला आलाय.

५ डिसेंबर, शनिवार
दुपारी सगळं आवरून नवा गेम लावला. म्हटलं, एकदा बघून टाकू. सासरे न बोलावता शेजारी येऊन बसले. सुरुवातीला राजपुत्राचं नाव विचारतात. माझं घालायला घेतलं. तिथे चारच अक्षरं मावतात, माझं बसेना. सासरे म्हणाले, दुसरं काही घाला, जावईबापू, काही बिघडत नाही. बराच वेळ सुचेना. शेवटी जागा तशीच मोकळी ठेवून बटण दाबलं. गेमने आपल्या मनाचं नाव घातलं आणि राजपुत्र निघाला.