नरोत्तम टेलरच्या भिंतीवरची आई

आदरणीय दाजी रामसमुझ मास्तर यांस सुव्याहून मेहुणा चंदरपालचा वाकून नमस्कार.

कमिंग स्ट्रीटवर मी स्वतःच्या हातांनी रंगवलेल्या पाट्या एकशे अठरा (दोन मालक पाट्या घेऊन पळाले, ते धरून एकशे वीस), शटरं एकतीस, ब्रशांच्या मुठी सगळ्या पेरूच्या लाकडाच्या, आणि साडेबारा फुटी शिडी एक, जिच्या सातव्या पायरीवर तुम्ही गेल्या दिवाळीत अडकला होता. शाळा सहावीपर्यंत, अक्षरं बिस्किटांच्या डब्यांवरून गिरवून शिकलो. हे सांगायचं कारण, त्यातली आज एकच पाटी शिल्लक आहे. तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा रक्तदाब? तिकडे तुमच्या बेटावर, लंबासाला, ऊसतोड सुरू झाली का? इकडे सगळं ठीक, फक्त रस्ता गेला.

गेला म्हणजे असा गेला दाजी, की रडायचं सोडून बघत राहावं. मी रोज सकाळी रोटी गुंडाळून घेतो आणि नुसता बघायला जातो. जिथे साड्यांची नऊ दुकानं होती तिथे चौदा मजल्यांची काच उभी आहे. मला दुसऱ्याचं काम सहसा पसंत पडत नाही (ताईला विचारा), म्हणून घरचा ओळंबा नेऊन लावून पाहिला. राखणदार हसला. फरक सुतभरही नाही! मी ओळंबा खिशात घातला आणि टोपी काढली.

त्या काचेसमोर नरोत्तम टेलरचं दुकान पाडताना एक भिंत तेवढी राहिली. तिच्यावरचा दिव्यांचा फलक निघाला, त्याखालचं प्लास्टिक निघालं, त्याखालचा पत्रा निघाला, आणि आतून माझी बावीस इंची अक्षरं बाहेर आली. तीस वर्षं झाली, पण फिरोजी रंग कालचा वाटावा. ती समोरच्या काचेत चौदा मजल्यांच्या पोटात उमटली होती. शेवटचा शब्द उजवीकडून डावीकडे, त्यात एम, ओ, टी, एच जसेच्या तसे, फक्त ई आणि आर उलटे. मी पुन्हा टोपीला हात घातला. मग आठवलं, की तो आर तिथे नकोच होता.

तुम्हाला आठवतं ना? नरोत्तमभाईंना बाहेर पडायच्या दाराच्या वर, रस्त्याकडच्या भिंतीवर फिजीयनमध्ये 'धन्यवाद, मोदे' हवं होतं, म्हणजे 'धन्यवाद, या आता'. ते लोक तिथे नुसता सी लिहितात आणि जीभ दातांत धरून 'द' म्हणतात. मला काय माहीत? मी कानाला ऐकू आलं तसं टी-एच घालून कागदावर उतरवलं आणि इंग्रजीचे मास्तर म्हणून तुम्हाला दाखवलं. तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "असा शब्दच नाही रे, शेवटचा आर राहिला." झालं मदर! दारावर 'धन्यवाद, आई' लागलं आणि खाली माझी सही. दोन महिन्यांनी एका फिजीयन शिपायाने वाचून दाखवलं तेव्हा मी रंग घेऊन धावलो, पण नरोत्तमभाई आडवे आले. गिऱ्हाईक दुप्पट झालं होतं. बायका लांबून यायच्या, आईचे आभार मानणारा शिंपी बघायला.

आता ती चूक जगासमोर पुन्हा उघडी पडली म्हटल्यावर गेल्या मंगळवारी मी शिडी लावली. ब्रश बुडवला, हात वर नेला, तेवढ्यात खालून ओरड आली, "ए रंगारी, उतर खाली! माझ्या आईला हात लावलास तर शिडी ओढीन!" मंडईत लिंबं विकणारी, असेनाका नावाची फिजीयन बाई. तिची आई गेली त्याच वर्षी ती या दुकानात दुखवट्याचा काळा कपडा शिवून घ्यायला आली होती आणि बाहेर पडताना तिने ही पाटी वाचली. "तेव्हापासून इथून जाताना मी मान वर करते," म्हणाली. "पत्रा लागला तरी करायचे. खाली काय आहे ते मला ठाऊक होतं."

दाजी, बाकीच्या एकशे सतरा पाट्या मी बिनचूक लिहिल्या. त्यांच्याकडे कुणी मान वर केल्याचं मला माहीत नाही. मी सुका हात घेऊन उतरलो (ब्रश मात्र वाया गेला, रंग वाळला).

पण ती काच उभारणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअर लितियाबाई म्हणतात, "अंकल, भिंत आम्ही काचेत जपू, पण शब्द शुद्ध फिजीयन हवा. नाहीतर शुक्रवारी गिलावा." पोरगी वाईट नाही. तिच्या हातातल्या नकाशातली प्रत्येक रेघ मी तपासली, सगळ्या बरोबर आहेत.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
चंदरपाल

ता. क. लितियाबाई म्हणतात, शब्द मुद्दाम तसा लिहिला असं लेखी दाखवलं तर भिंत आहे तशी राहील. तेव्हा शाळेच्या जुन्या कागदावर, मागाहून मुख्याध्यापक झालात त्या नात्याने, एवढंच लिहा की 'आई' हाच शब्द तुम्ही विचारपूर्वक सुचवला होता आणि तो बरोबर आहे. सही मोठी करा. गुरुवारच्या बोटीने पाठवा. चूक कुणाची होती हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, असेनाका सोडून.

ता. क. दुसरा. ताईला हे वाचून दाखवू नका. टी, एच, आर ही तीन अक्षरं पुसून एक सी घालायला, मूळचाच हात हवा म्हणून, कंपनी मला पैसे देत होती. मी नाही म्हटलं. साडेचार हजार डॉलर.