तू बी ले

धुळे,
शनिवार

प्रिय आणि फोन न उचलणाऱ्या रूपालीस,

डबा आधी उघडला असशील आणि पत्र नंतर, हे मला माहीत आहे. असू दे, मीही तेच केलं असतं. वरचे ज्वारीचे बिबडे बचत गटाच्या बेबाबाईने खास तुझ्यासाठी दिलेत, लसूण घातलेले. खालचे आमच्या घरचे, बिनलसणाचे, तू ज्यांना 'उपासाचे' म्हणून नावं ठेवायचीस ते. आमची लेक विधी सुट्टी संपवून पुण्याला निघाली आहे, तिच्या हाती पाठवते आहे. आता पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू 'बरी आहे काकू, कामात आहे काकू' एवढं बोलतेस आणि ठेवून देतेस. पत्र तसं मध्येच ठेवता येत नाही. ठेवलंस तरी ते तुझ्या टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहील.

तुझी खोली अजून कोणाला दिलेली नाही. काल झाडायला वर गेले तर कोपऱ्यात तुझी ती जाड गोधडी दिसली आणि मी एकटीच हसत बसले. तू राहायला आलीस तो वैशाख आठवतो ना? धुळ्याचं ऊन, पत्र्यासारखी तापलेली गच्ची, मी वाळलेले कपडे काढायला वर आले, तर बंद खोलीत मधोमध एक गोधडी बसलेली आणि आतून बोलणं चाललेलं, 'साक्री आणि शिरपूर तालुक्यात तुरळक ठिकाणी…' मी मनात म्हटलं, गेली पोरगी कामातून! घरच्यांशी भांडून आली म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला. मग तू घामाने डबडबलेलं तोंड बाहेर काढलंस आणि म्हणालीस, 'काकू, भिंतींमुळे आवाज घुमतो हो.' तेव्हा कुठे मला कळलं की जिल्ह्याच्या हवामान सल्ला केंद्रात तुझी नोकरी आहे, वरून आलेला अंदाज तू सोप्या भाषेत लिहितेस आणि दर मंगळवारी, दर शुक्रवारी आधी मराठीत, मग अहिराणीत बोलून शेतकऱ्यांच्या फोनवर पाठवतेस.

त्या दिवसापासून मी तुला किती पिडलं! ढग कोण मोजतं, वारा ईशान्येचा हे कसं कळतं, 'तुरळक' म्हणजे आमच्या गल्लीत की पलीकडच्या. माझ्या आईने मला लहानपणी 'पंचायतण' नाव ठेवलं होतं ते उगाच नाही. तू मात्र एकदाही कंटाळली नाहीस. 'उघडीप' या शब्दावरून आपली जुंपली होती ती आठवते का? तू संदेशात 'आठवडाभर उघडीप राहील' असं म्हणालीस आणि मी आनंदाने पापडाचं पीठ भिजवलं, आणि खाली काकांच्या किराणा दुकानात आलेला शेतकरी तेच वाक्य ऐकून डोक्याला हात लावून बसला होता, कारण त्याची कपाशी पाण्यावाचून माना टाकत होती. एकच शब्द गच्चीवर गोड आणि शेतात कडू. मला त्याचं नवल कितीतरी दिवस पुरलं.

आणि मग बेबाबाईचं ते प्रकरण. तिच्या गटाचे लग्नाच्या ऑर्डरचे बिबडे गच्चीवर पसरलेले आणि वळवाने सगळ्यांचा लगदा केला. बेबाबाई सरळ तुझ्या दारात येऊन उभी, 'ओ हवामानवाल्या ताई, कपाशीले सांगतस, आमले कोन सांगी?' पुढच्या संदेशात शेवटी तू हळूच एक वाक्य घातलंस, 'वाळवण घालायला हरकत नाही.' तुमचे साहेब चिडले, हा कृषी सल्ला आहे, पापडांचा नाही. तू शांतपणे म्हणालीस, साहेब, मिरची आणि दादर ज्वारीसुद्धा वाळतच घालतात. तेव्हापासून ते वाक्य राहिलं, आणि त्याच्यापुढे तुझं ते अहिराणीतलं, 'बठ्ठा जन कायजी ल्या', सगळ्यांनी काळजी घ्या. आमच्या गल्लीत तर लहान पोरंही खेळ संपला की एकमेकांना कायजी ल्या म्हणून घरी जायची.

मग फाल्गुनात सरकारचं ते पत्र आलं. खर्च कमी करायचाय, हवामान आता मशीन सांगेल, त्यासाठी माणसं कशाला. मार्चअखेर केंद्राला कुलूप लागलं, आणि तेही वाळवणाचे दिवस अगदी तोंडावर असताना! काका म्हणाले, सरकारला कुठेतरी काटकसर करावीच लागते. मी म्हटलं, करा ना, पण दुकानात तुम्ही एखादा माल बंद करायचा म्हटलं की आधी महिनाभर बघता, कोण कोण मागायला येतं ते. सरकारने कोणाला विचारलं? दुकानदाराला दुकानाचंच उदाहरण द्यावं लागतं.

तू निघालीस तेव्हा रडली नाहीस, तेच मला जास्त लागलं. जिन्यात म्हणालीस, 'काकू, कोणाला काही फरक पडणार नाही. आणि आबा म्हणत होते तेच खरं झालं.' तुझ्या आबांचं बोलणं तू मला एका दिवाळीला सांगितलं होतंस, जेव्हा सगळी गल्ली माहेरी-सासरी गेली होती आणि तू आमच्याकडे शंकरपाळे लाटत होतीस. त्यांनी ठरवलेली सोयरीक तू मोडलीस, कराराच्या नोकरीसाठी घर सोडलंस, आणि ते दारात उभे राहून म्हणाले होते, ही नोकरी आज शे, सकाय नही, आणि आजपासून 'तुना आवाज माले ऐकाना नही.' तीन आखाज्या झाल्या, अक्षय्य तृतीयेला सगळ्या लेकी माहेरी येतात, तू घरी गेली नाहीस. आता नोकरी गेल्यावर तर कोणत्या तोंडाने जाऊ, असं तुझं चाललं असणार. पुण्याच्या त्या कंपनीत कॉम्प्युटरवर पिकांचे फोटो तपासत दिवसभर एक शब्द न बोलता बसतेस, असं विधी सांगत होती.

'कोणाला फरक पडणार नाही' हे वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. म्हटलं, सरकारने बघितलं नाही, तर आपण बघू. तुझे संदेश शेतकऱ्यांच्या गटातून माझ्याकडे यायचे, माझ्याकडून आणखी कुठे कुठे. मी एकेकाला विचारत सुटले, तू ते पुढे कोणाला पाठवायचास? काका म्हणाले, ही आता घरोघरी चौकशी समिती. म्हणू देत. बेबाबाई तिच्या भावाला पाठवायची, तो गिरधर मंडपवाला. गिरधर म्हणाला, 'काकू, मी त्या ताईचं ऐकून कापडी मंडप का पत्र्याचा ते ठरवायचो. आता फोनमधलं ढगाचं चित्र बघतो, पण तो ढग धुळ्यावर आहे का दिल्लीवर काही उमगत नाही.' आमच्या जैन स्थानकात साध्वीजींच्या विहाराची, पायी प्रवासाची व्यवस्था बघणारे आहेत ना, तेही ऐकायचे! पावसाचा थेंब पडत असेल तर साध्वीजी पाऊल बाहेर टाकत नाहीत, मग पुढच्या गावच्या लोकांना कळवायला नको? साध्वीजी फोनला हात लावत नाहीत, आणि तुझा गोधडीतला आवाज मात्र त्यांच्या वाटेच्या पुढे पुढे चालत होता. मला इतकी मजा वाटली म्हणून सांगू.

असं करता करता मी माझ्या माहेरी पोचले, शेजारच्या जिल्ह्यात, भडगावला. तिथे माझी वहिनी पापडासाठी ऐकायची आणि माझा भाचा अनुज दुकानाच्या गल्ल्यावर फोन ठेवून मोठ्याने लावायचा, वेळ जायला म्हणून. अनुजला विचारलं तर म्हणाला, 'आत्या, तुमच्या त्या हवामानाचं एकच पक्कं गिऱ्हाईक आहे. दर मंगळवारी, शुक्रवारी संध्याकाळी येतं, चहाची पुडी घेतं आणि संदेश संपेपर्यंत खांबाला टेकून उभं राहतं. जरा चक्रम आहे. संदेश संपला की म्हणतं, तू बी ले. आता मी काय घेऊ? एकदा मी त्यांना म्हटलं, नको भाऊ, मी बिडी ओढत नाही, तर ते नुसते हसले.' मी विचारलं, शेतकरी आहेत का? हो, गिरणाकाठच्या गावचे. मग इथे माझा किडा वळवळायला लागला. रूपाली, तू तर धुळे जिल्ह्याचं हवामान सांगायचीस. साक्री, शिरपूर, शिंदखेडा. भडगावच्या माणसाला साक्रीच्या पावसाशी काय देणं-घेणं?

गेल्या मंगळवारी मी भडगावलाच होते, वहिनीला भेटायला. संध्याकाळी मुद्दाम दुकानात जाऊन बसले. केंद्र बंद होऊन महिना होत आला, तरी ते आले. उंच, वाळकेसे, टोपी काढून हातात धरलेली. चहाची पुडी घेतली आणि उभे राहिले. अनुज म्हणाला, भाऊ, ते बंद झालंय, मागेच सांगितलं ना. तर म्हणतात, 'ते समजनं. पन केंद्र बंद झायं, का ती पोर बिमार शे?' मी न राहवून विचारलं, भाऊ, तुमची शेती धुळ्याकडे आहे का? 'नही माय, आठेच शे.' मग धुळ्याचं हवामान कशाला ऐकता? त्यांनी चहाची पुडी टोपीत ठेवली. म्हणाले, 'पोर चांगलं बोलस.' एवढंच. बोलताना ते उजव्या कानाची पाळी चिमटीत धरून ओढत होते. रूपाली, ती सवय मी तीन वर्षं रोज बघितली आहे. तू गोधडीतून बाहेर आलीस की पहिल्यांदा तेच करायचीस. मी नाव विचारलं. अभिमन पाटील. तुझ्या खोलीच्या दारावरची पाटी मी अजून काढलेली नाही, रूपाली अभिमन पाटील. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून पुढचा प्रश्न निघाला नाही. ते गेल्यावर मला ते 'तू बी ले' कळलं आणि मी अनुजसमोर, भर दुकानात, पदर तोंडाला लावून रडले. तू म्हणायचीस, बठ्ठा जन कायजी ल्या. आणि आवाज ऐकायचा नाही अशी शपथ घेतलेला तो बाप दर वेळी तुला उत्तर द्यायचा.

म्हणून हे पत्र. त्यांनी शपथ मोडली असं मला म्हणायचं नाही, आणि तूही म्हणू नकोस. ते हवामान ऐकायला येतात, त्यांना हवामानच ऐकू दे. मी त्यांना काही सांगितलेलं नाही, अनुजलाही गप्प राहायला सांगितलंय. नोकरी, सोयरीक, कोण बरोबर आणि कोण चूक, यातलं तुला काहीच बोलायचं नाही. येत्या मंगळवारी ते परत येतील, आणि बुधवारी आखाजी आहे. झोके बांधून झालेत, सगळ्यांच्या लेकी एसटीने उतरायला लागल्यात. सोमवारी रात्री तू पुण्याहून भडगावची एसटी पकडलीस तर बरंच. नाहीच जमलं तर अंगावर गोधडी घे, आणि दोन मिनिटांचा संदेश अनुजच्या फोनवर पाठव. नंबर डब्याच्या झाकणावर चिकटवला आहे. साक्रीचं सांग, शिरपूरचं सांग, वाळवण घालायला हरकत आहे का नाही ते सांग. मशीनकडून घे नाही तर आकाशाकडे बघून सांग, चुकलं तरी ते तक्रार करणार नाहीत. फक्त शेवटचं वाक्य विसरू नकोस. उत्तर द्यायला ते तिथे खांबाला टेकून उभे आहेत.

तुझीच, अजून शंभर प्रश्न शिल्लक असलेली,
चंदनकाकू