लाल पेन्सिलीचा डाग

२ सप्टें.
फर्मान निघालं. आमच्या स्टील प्लांटची सारी जुनी मेंटेनन्स-पुस्तकं वेबसाइटवर चढवायची, तेही विश्वकर्मा पूजेच्या आत. मजकूर माझ्या गळ्यात, चित्रं रायपूरच्या वेबवाल्याकडं. तो रस्त्यात कुम्हारीच्या ट्रॅफिक जाममध्ये अडकला, दुपारी उगवला. त्याचं नवीन सॉफ्टवेअर म्हणे स्कॅन केलेलं ड्रॉइंग पांढरंशुभ्र करून देते. चहाचे डाग, घड्या, सारं गायब. साहेब खूश. खरं सांगायचं तर मीही. साइटवरची आधीची पानं उघडता उघडत नव्हती, अन् उघडली तर चष्मा लावूनही आकडे दिसत नव्हते.

घरी सांगितलं तर बाबा खाटेवर उठून बसले. सारी नोकरी ड्रॉइंग ऑफिसात गेली त्यांची. "माह्यं गॅस लाइनचं ड्रॉइंग येते का त्याच्यात?"
येते म्हटलं. रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या त्यांनी.

५ सप्टें.
गॅस लाइनची पानं तपासली. डोस्कंच फिरलं. लाल कुठंच नाही!

इथली रीतच आहे. पाइप हलवला, व्हॉल्व्ह सरकवला, तर नवीन ड्रॉइंग काढाले कोणाले वेळ असते? जुन्यावरच लाल पेन्सिलनं खोडायचं, नवी जागा दाखवायची, बाजूले सही. शिफ्टवाला आधी लाल पाहते, मग काळं. सॉफ्टवेअरनं ते लाल डाग समजून धुऊन टाकलं. बाबांनी खोडलेला व्हॉल्व्ह पुन्हा जाग्यावर, कोरा करकरीत. अन् जो खरा आहे, तो चित्रातच नाही.

नळाचं पाणी नाही ते, गॅस आहे. चुलतभाऊ दिलीप त्याच लाइनवर मेंटेनन्सले आहे.

६ सप्टें.
वेबवाल्याले फोन. "मैडम, वो तो दाग था. काला छोड़ के सब उड़ा देता है, यही तो खूबी है."
"दाग नहीं, मेरे बाप का हाथ है वो."
रंग ठेवला तर फाइल जड होते, पान हळू उघडते, हे त्याचं रडगाणं. मी म्हटलं, पानावर लहान चित्र ठेव, बोट लावलं की पूर्ण रंगीत मोठं उघडू दे. पानही हलकं, लालही शाबूत. मग, "हो जाएगा मैडम, बस सर से कहलवा दीजिए."
सर से कहलवा दीजिए. तिथंच तर घोडं अडते.

९ सप्टें.
साहेब आपलेच, वर्ध्याकडचे. बोलणं साखरेत घोळलेलं. "ताई, कल्पना छान आहे. पूजा होऊ द्या, मग पाहू."
"सर, लोक पूजेनंतरच तर उघडतील ते पान."
"तुम्ही फार मनाला लावून घेता. बाबांचं ड्रॉइंग आहे म्हणून का?"
आतून नुसती जळून राहिली.

१३ सप्टें.
बाबांचं रोजचं, "आलं का?" "चढून राहिलं बाबा," मी म्हणते.
घरी बसून एक पान नमुन्याले बनवलं. बोट लावलं की उघडते, लाल रेघ, सही, सारं स्वच्छ. साहेबांले पाठवलं. उत्तरात अंगठा. फक्त अंगठा. भैताड.

१७ सप्टें.
पूजा. मशीनींले हार, कम्प्युटरलेही. नारळ फुटला. मोठ्या साहेबांनी मोबाईलवर बोट लावलं, पान झटक्यात उघडलं. टाळ्या. अन् पान कोणतं? गॅस लाइनचंच. "वाह, कितना क्लीन है!" आमचे साहेब माझ्याकडं पाहून हसले. वरून कीर्तन, आतून तमाशा.
प्रसादाची बुंदी घरी आणली. बाबांनी मोबाईल मागितला. बॅटरी संपली म्हटलं.

१९ सप्टें.
दिलीपचा फोन. "ताई, तुह्या साइटवर पाहून व्हॉल्व्ह शोधून राहिलो, तर तिथं नुसती भिंत!" हाच असन म्हणून बाजूच्या दुसऱ्याच व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला होता म्हणे एकानं. दिलीपले कागदावरचं लाल आठवलं, म्हणून थांबवलं.
"अन् नसतं आठवलं तर?"
"मंग काय, तेरवीले येजो." हसून राहिला. मी फोन ठेवला.

तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेली. आवाज चढला माझा, बाहेर सगळ्यांनी ऐकला. ऐकू दे. संध्याकाळपर्यंत उपाय झाला. प्रत्येक पानाखाली एक ओळ आली: "ड्रॉइंग केवळ संदर्भासाठी." लाल अक्षरात. हे लाल बरं दिसते त्यांले!

२२ सप्टें.
रिसालीहून दिलीप आला होता. बाबांनी त्याच्याच मोबाईलवर पाहिलं. मोठं करून पाहिलं, सरकवून पाहिलं. मग मले म्हणाले, "माह्या सह्या कुठं गेल्या व?"
सांगितलं. सारं नाही, अर्धंच: सॉफ्टवेअरले लाल दिसलं नाही, एवढंच. साहेबांचं नाही. वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.
"प्रिंट काढून आण."

नेहरू नगरातल्या दुकानातून मोठ्या कागदावर काढून आणली. लाल पेन्सिलीले टोक करून बसले. एकेक खोडलं, नवी जागा दाखवली, खाली सही.
"काळ्या पेनानं करता का बाबा?" म्हटलं.
असं पाहिलं माझ्याकडं! "काळ्यानं केलं तर जुनं कोणतं अन् सुधारलेलं कोणतं, शिफ्टवाल्याले कसं समजन?"

बरोबरच आहे. अन् हेच तिथं कोणाले समजत नाही.

कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "जुनं फिकं झालं होतं, त्यांचा तरी काय दोष? आता गडद केलं हाये. या बारीले दिसन त्यांले."
उद्या पाठवते म्हटलं.