अडकणारं बटण

जेलरोड, नाशिक रोड
११ जानेवारी २०२६

प्रिय बंटी,

सप्रेम जय भीम.

इकडे सगळं ठीक आहे. सिंधुमावशीचा गुडघा थंडीने धरलाय, पण तुझ्या कौतुकाच्या फेऱ्या काही थांबलेल्या नाहीत. तुझी आई सकाळी दूध आणायला निघते आणि चार घरी तुझं गाणं ऐकवून परत येते, फोनचा आवाज फुल. म्हटलं, "मावशी, दूध नासेल." तर म्हणाली, "नासू दे. तुझ्या पोटात का दुखतंय?" तिला माणसं बरोबर कळतात.

पत्र पाहून हसशील. तुझा मेसेज येऊन आठवडा झाला, मी वाचला हेही तुला दिसलं असेल. कितीदा टाईप केलं आणि पुसलं. शेवटी कागद घेतला.

आपली बेंजो पार्टी चालली आहे, बरी म्हणण्याइतकी. लोक आधी डीजे ठरवतात, पोलिसांनी परवानगी नाकारली की मग आमची आठवण येते. ऑक्टोपॅडवर तुझ्या जागी आता मल्हारी असतो. बरा वाजवतो. तुझ्याइतका नाही, आणि हे लिहायला मला अजिबात आवडलेलं नाही.

पॅडच्या काड्या तुझ्या हातात मीच दिल्या होत्या. तेव्हा टेम्पोवर पुढे मी असायचो, मागे तू. मग तू डीजेकडे गेलास. मी म्हणालो, हा आता दुसऱ्यांची गाणी लावत बसणार. नंतर लॅपटॉप घेऊन बीट बनवायला लागलास, तेव्हा म्हणालो, याला आता माणसंच लागत नाहीत. दोन्ही वेळा चौकात सगळ्यांना हसवलं. आणि दोन्ही वेळा घरी जाऊन, तू नेमकं करतोस काय, ते मोबाईलवर शोधून पाहिलं.

हे गाणं काढायच्या आधी तू मला विचारलं होतंस. "दादा, विहितगावच्या हळदीत तू वाजवलेलं माझ्या फोनमध्ये होतं, ते गाण्यात टाकलंय. चालेल ना? तुझं नाव देतोय." मी नुसता अंगठा पाठवला. गाण्याखाली माझं नाव आहे. पाहिलंय मी, पुन्हा पुन्हा पाहिलंय. तू वाईट वागला असतास तर किती सोपं झालं असतं! चार शिव्या घातल्या असत्या आणि मोकळा झालो असतो.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुलाही माहीत नाही. त्या तुकड्यात खाली उतरताना एक सूर लांबतो, तिथेच तू खालून ठोका सोडलास आणि पोरं उड्या मारतात. लोक म्हणतात, काय जागा घेतली आहे! अरे, जागाबिगा काही नाही. माझ्या बेंजोचं एक बटण दाबलं की लवकर वर यायचं नाही. स्प्रिंग ढिली होती. ते वर येईपर्यंत पुढचा सूर निघायचाच नाही. मला त्याची फार लाज वाटायची, पॅडचा आवाज मोठा ठेवायला सांगून मी ते झाकायचो. आणि तुझं गाणं यायच्या थोडं आधी मी हौसेने नवी स्प्रिंग बसवून घेतली.

मागच्या महिन्यात सिन्नर फाट्याला हळद होती. नवरीच्या भावाने टेम्पो अडवला. "मास्तर, ते बीएनटीचं गाणं वाजवा ना, बेंजोवालं." बीएनटी म्हणजे तू, हे कळायलाही मला एक क्षण लागला. वाजवलं. अगदी स्वच्छ, कुठेही न अडखळता. पोरं जराशी नाचली आणि थांबली.

"काका, ओरिजनलसारखं नाय येत. राहू द्या, मोबाईल लावतो."

आमच्याच स्पीकरला त्यांनी मोबाईल जोडला. मल्हारी ओरडायला निघाला होता, "अरे, ओरिजनल हाच हे!" मी त्याला गप्प केलं. कोणी विश्वास ठेवला नसता. मी बेंजोवरून हात काढून घेतले आणि टेम्पोवर उभा राहून माझाच बेंजो ऐकला. खाली सगळी हळद नाचत होती.

मला हेवा वाटतो, बंटी. तुझ्या नावाचा वाटतो, तुझ्या विमानातल्या फोटोंचा वाटतो, मावशीच्या फुल आवाजाचाही वाटतो. पण तेवढं मी पचवलं असतं. खरा जळतो तो त्या गाण्यातल्या बेंजोवाल्यावर. तो कधी थकत नाही. चुकतो तरी लोक उड्या मारतात. त्याला गावोगावी बोलावणं असतं, आणि त्याला वाजायला मी लागत नाही.

मी पक्कड घेऊन बसलो आणि ती नवी स्प्रिंग ढिली करून पाहिली. बटण अडकलं, पण भलत्याच वेळी. मग हवं तिथे अडकावं म्हणून सराव केला. तुझी वहिनी, दीपमाला, दारात उभी राहून बघत होती. "चूकसुद्धा आता शिकून करणार का?" म्हणाली. मग तिने चहा ठेवला.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. पुढच्या महिन्यात गंगापूर रोडच्या मैदानावर तुझा कार्यक्रम, आणि त्या गाण्याला मी स्टेजवर तुझ्या शेजारी बेंजो घेऊन उभं राहावं, असं तू म्हणतोस. "टेन्शन घेऊ नको दादा, मागे ट्रॅक चालूच असेल. तू नुसता हात चालव." प्रेमानेच लिहिलंस, मला कळतं. पण याच वाक्याने आठवडाभर माझं डोकं फिरलंय.

मी ‘नाही’ कळवायलाच बसलो होतो. दीपमालाने पानं पाहिली आणि म्हणाली, "नाही म्हणायला एवढं लिहावं लागतं होय?"

येतो. पण बेंजोचा ट्रॅक बंद ठेवायचा. बारीक नाही, बंद. स्प्रिंग पुन्हा नीट बसवली आहे, सूर अडकणार नाही. पोरांना ते ओळखीचं वाटणार नाही. कदाचित नाचायचं थांबतील, तोंडावर म्हणतील की ओरिजनलसारखं नाही. म्हणू देत. भर मैदानात म्हणू देत, पण तेव्हा वाजवत मी असेन.

आणि माझी फजिती होतेय असं वाटून, माझ्या मायेने, तू मध्येच तो ट्रॅक चालू केलास, तर मी तिथल्या तिथे दोन्ही हात वर करीन. सगळ्यांना दिसेल. मग तुझं-माझं भाऊपण मावशीच्या घरापुरतं उरेल.

तो ट्रॅकमधला बेंजोवाला चांगला वाजवतो, मला मान्य आहे. पण स्टेजवर दोघांना जागा नाही. तो की मी, ते तू ठरव आणि कळव.

अजून तरी तुझाच,
धम्मपालदादा