माळ आणि नळी

४ मार्च, पाली
खाज. तळहात, तळपाय, पाठ. महिन्यापूर्वी ऑपरेशननं पित्ताशय काढून आले तेव्हा वाटलं, सुटले एकदाची! गार पाणी ओतून घ्यावं तर टँकरचा पत्ता नाही. धरणाचा तळ उघडा पडलाय. आमचे हे जनावरं घेऊन चारा छावणीत. कामावर, दूध संस्थेत, दुधाचं फॅट काढताना नमुन्याची बाटली हातातून पडली. नुसती चिडचिड.

६ मार्च
डोळे पिवळे. लघवी गडद, कोऱ्या चहासारखी. सासूबाई म्हणाल्या, "कावीळ हाय. तलवाड्याला माळ घालू, दवाखाना कशाला?" गेलो. तिथल्या माळ घालणाऱ्या म्हाताऱ्यानं मुळ्यांच्या तुकड्यांची माळ डोक्यावर ठेवली. ती वाढत खाली येणार, तशी कावीळ उतरणार. हळद, तेल बंद. ऑपरेशनचं त्यानं विचारलं नाही, मीही बोलले नाही.

१० मार्च
माळ गळ्यात आली. सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या. संडास मात्र खडूसारखी पांढरी. हे सांगू कुणाला? ह्यांना फोन केला. "माळ उतरतीय न्हवं? मग काहून घाबरतीस?" छावणीत हजेरी असते म्हणे, येता येत नाही. जनावरांची हजेरी होते. माझी कोण घेणार!

१३ मार्च
माळ कमरेला, मी आणखीच पिवळी. थंडी वाजून ताप. मरते की काय वाटलं. कुणाला न विचारता संस्थेच्या दुधाच्या गाडीत बसले, कॅनांच्या मधे. बीडचे डॉक्टर: "पित्ताची नळी आखडलीय, ऑपरेशन झालं तिथंच. पित्त अडलंय, म्हणून कावीळ. माळेनं नळी उघडते का बाई? आजच औरंगाबाद गाठा."
"चूक कुणाची?"
"होतं असं कधी कधी."
एवढंच. असा राग आला...

१५ मार्च, औरंगाबाद
काल तोंडातून दुर्बीण घालून आखडलेल्या जागी बारीक नळी बसवली. ताप गेला. तीन महिन्यांनी बदलायची. तरी आखडलीच तर पोट उघडून पित्ताची वाट आतड्याला जोडायची. त्या 'तर'चं कुणी काही सांगत नाही.

१६ मार्च
हे आले, सासूबाईंना घेऊन. जनावरं शेजाऱ्याच्या हवाली. माळेचा विषय कुणीच काढेना. सासूबाई माझे पाय चेपत बसल्या. नको म्हटलं तरी ऐकेनात.
हे म्हणाले, "लई फरक हाय. बरी दिसतीस." खिडकीकडं बघत.
म्हटलं, "इकडं बघून बोला की."
बघितलं. मग पाणी आणतो म्हणून उठले.