एकाच तापाचे दोन जंतू

आई, तो ताप माझ्या मनातून अजून जात नाही, म्हणून लिहायला बसले. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. तू रोह्याच्या शाळेत शिकवायचीस, आठवडाभर मावशीकडे राहायचीस आणि शनिवारी पेणला यायचीस. त्या शनिवारी आलीस ती तापानं फणफणतच. मी आधीच अंथरुणाला खिळलेली. पेणच्या रामवाडीतल्या घरात आपल्या दोन खाटा शेजारी शेजारी आहेत, डॉक्टरांनी दोघींना टायफॉइड सांगितलाय, बाबा एकाच पाकिटातल्या गोळ्या दोघींना देतात. मी तुझ्याकडे बघत राहते, तर तू दटावतेस, "आधी पेज संपव. माझ्याकडे काय बघतेस?" माझा ताप उतरला. तुझा हटेना. डॉक्टर म्हणाले, "औषध बरोबर आहे, धीर धरा." आम्ही धीर धरला आणि तू गेलीस.

पुढे मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि दशक सरता सरता रोह्यातच एका लॅबमध्ये लागले. एकदा दोन रुग्णांच्या रक्तातून टायफॉइडचे जंतू काचेच्या दोन बशांत वाढवले. दिसायला अगदी सारखे. पण औषधात भिजवलेली कागदाची चकती ठेवली, तेव्हा एका बशीत तिच्याभोवतीचे जंतू मेले, दुसरीत ते चकतीला भिडून वाढले. जात एकच, पण जनुकं सगळी सारखी नव्हती. दुसऱ्या बशीतल्या जंतूंकडे त्या औषधाला दाद न देणारी जनुकं होती. ती दुसरी बशी खाडीकडच्या एका बाईची. मी तिच्या डॉक्टरांना फोन केला, "औषध आजच बदला."

"टायफॉइडच आहे ना? मग बदलायचं कशाला?"

"टायफॉइडच, पण हा जंतू वेगळाय. येऊन बशी बघा."

ते आले, बघितलं, औषध बदललं. बाई बरी होऊन लेकीबरोबर चालत घरी गेली. मला मात्र खुर्चीत बसवेना. तशीच मावशीकडे गेले. ती वाल सोलत होती. म्हटलं, "मावशी, आई इथे रोह्यात आजारी पडली, मी पेणला. तिचा जंतू माझ्याहून वेगळा असेल. म्हणून गोळ्या लागू पडल्या नसतील."

"असेल म्हणजे? नक्की नाय?"

"आता कसं कळणार? तिचं रक्त कुणी ठेवलंय?"

मावशीनं हातातला वाल सोलून भांड्यात टाकला. मग म्हणाली, "तिनं आपलं आयुष्य तुला दिलं, असं मी धरून चाललेय गो. तेवढं राहू दे."

असं काही नसतं, हे मला तिला समजावता आलं असतं. पण मी खाली बसले आणि तिच्याबरोबर वाल सोलू लागले. हे पत्र कुणाला दाखवणार नाही, म्हणून तुला सांगते: ते ऐकून मला बरं वाटलं होतं.